सोलरची ट्यूब गेली म्हणून सगळा सोलर गेला असं नाही

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. ऐकणाऱ्या गटांनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



आज मी तुम्हाला स्लॅबवर घेऊन जाणार आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरावर आता पाणी तापवायचा सोलर आहे. वर आडवी गोल टाकी, तिच्याखाली उताराने लावलेल्या काळ्या काचेच्या ट्यूबा. न्हाणीत नळ सोडला की कडकडीत पाणी. जोवर पाणी येतंय तोवर आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि ज्या दिवशी पाणी कोमट येतं, किंवा स्लॅबवरून वाहून जातं, त्या दिवशी मिस्त्रीला फोन करतो. मिस्त्री येईल तेव्हा येईल, आणि तो सांगेल ते खरं. माझंही असंच होतं. म्हणून आधी माझीच फजिती सांगते.

दोन वर्षांमागची गोष्ट. मे महिना. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गावचं नळाचं पाणी आठ-दहा दिवस आलं नव्हतं. वरची टाकी कोरडी पडली. सोलरच्या टाकीत पाणी होतं, तेही आम्ही खालच्या कॉकातून काढून घेतलं, थंड करून जनावरांना पाजलं, भांड्यांना वापरलं. पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही याचं मला कौतुकच वाटत होतं. मग एक दिवस दुपारी एकच्या सुमाराला टँकर आला. हौद भरला, लाइट होती, मी धावत जाऊन मोटार चालू केली. वरची टाकी भरू लागली, तिथून पाणी सोलरमध्ये उतरलं. आणि स्लॅबवरून आवाज आला. टाक. थोड्या वेळाने पुन्हा टाक. जाऊबाई ओरडल्या, ‘अगं, पन्हाळातून पाणी कशाचं पडतंय?’

दोन ट्यूबा तडकल्या होत्या. टँकरचं पाणी, ज्याच्यासाठी आम्ही आठ दिवस वाट बघितली, ते अंगणात वाहत होतं. कॉक कुठला बंद करायचा हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. तो सापडेपर्यंत वरची टाकी अर्धी झाली.

चार दिवसांनी तालुक्याहून एक मिस्त्री आला. वर गेला, पाच मिनिटांत खाली आला. म्हणाला, ‘वहिनी, जुना झालाय. आता दुरुस्तीत अर्थ नाही, नवीन सेटच बसवा.’ त्याने आकडा सांगितला तो ऐकून सासूबाई म्हणाल्या, ‘माळ्यावरचा बंब काढा.’ बंब काढला. पुन्हा सरपण, पुन्हा धूर, पुन्हा पहाटे पाचला फुंकणी.

माझा एक चुलत भाऊ नळाची कामं करतो. त्याला सहज फोनवर सांगितलं, तर तो हसायलाच लागला. ‘ताई, सायकल पंक्चर झाली म्हणून कुणी सायकल फेकून देतं का? ट्यूब फुटली तर ट्यूब बदल. वीसपैकी अठरा चांगल्या आहेत ना?’ त्याने फोनवर सगळं समजावून दिलं. दुकानातून दोन ट्यूबा आणि दोन रबरी रिंगा आणल्या. काही शे रुपयांत काम झालं. बसवल्या कुणी? मी आणि जाऊबाईंनी. तेव्हापासून आमच्या गटातल्या सहा घरच्या ट्यूबा आम्ही बदलल्या आहेत. ते सगळं आज तुम्हाला सांगते.

एका काचेत दुसरी काच

ट्यूब बदलायची तर ती आहे काय हे आधी कळलं पाहिजे. लांबून ती एक काळी नळी दिसते. पण त्या दोन नळ्या आहेत, एकीच्या आत दुसरी. आतल्या नळीला काळा लेप दिलेला असतो. ऊन तो शोषून घेतो. बाहेरची नळी साधी, आरपार दिसणारी. दोन्ही नळ्या तोंडाशी वितळवून एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि दोन्हींच्या मधली हवा काढून टाकलेली असते. मध्ये पोकळी. म्हणजे तिथे काही नाही, हवासुद्धा नाही.

चहाचा थर्मास आठवा. त्याच्या आतली काच अशीच दुहेरी असते. १८९२ साली स्कॉटलंडच्या जेम्स ड्युअर नावाच्या शास्त्रज्ञाने असं दुहेरी भिंतीचं भांडं केलं. त्याला अतिशय थंड केलेले वायू थंडच ठेवायचे होते. आपण त्यात चहा गरम ठेवतो. काम एकच. उष्णता इकडून तिकडे न्यायला हवा लागते, आणि हवाच नसेल तर नेणार कोण? सोलरच्या ट्यूबमध्ये ऊन आत येतं, पाणी तापतं, पण तापलेल्या पाण्याची ऊब बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून भर उन्हात चांगल्या ट्यूबची बाहेरची काच हाताला साधारण गार लागते आणि आत पाणी उकळीला आलेलं असतं.

पाणी वर कसं जातं? तिथे मोटार नाही, पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होतं, ट्यूबमधून वर टाकीत चढतं. थंड पाणी जड, ते टाकीतून खाली ट्यूबमध्ये उतरतं. दिवसभर हे चक्र चालू असतं. म्हणूनच टाकी वर आणि ट्यूबा खाली असतात.

यातून आपली बचत किती? १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला गिझरला साधारण ४ युनिट वीज लागते. बंबावर तेवढं पाणी तापवायचं म्हटलं तर पाच-सहा किलो सरपण सहज जातं. ते गोळा कोण करतं, फोडतं कोण आणि धूर कोण खातं, हे तुम्हाला मी काय सांगू.

खराब ट्यूब ओळखायची कशी

ट्यूब दोन प्रकारे जाते. एक, ती तडकते किंवा फुटते. ते लगेच कळतं, कारण पाणी वाहतं. ट्यूबांची भोकं टाकीच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून एक ट्यूब फुटली तरी टाकीतलं जवळजवळ सगळं पाणी तिथून निघून जातं. त्यामागोमाग वरच्या टाकीतलंही उतरायला लागतं.

दुसरा प्रकार गुपचूप होतो. ट्यूब अखंड दिसते, गळत नाही, पण तिच्या दोन काचांमध्ये कुठून तरी हवा शिरलेली असते. कधी जोडाशी केसाएवढी चीर असते, कधी खालचं टोक दुखावलेलं असतं. मग ती ट्यूब पाणी तापवते आणि तापवलेलं बाहेर सांडूनही देते. थर्मासची काच बिघडली की चहा अर्ध्या तासात निवतो, तसंच.

ही ट्यूब ओळखायची खूण कारखान्यातूनच दिलेली असते. ट्यूबच्या बंद टोकाला, म्हणजे खालच्या बुडाला, आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियम नावाच्या धातूचा असतो. पोकळीत चुकून राहिलेली थोडीशी हवा तो शोषून घेतो. जोवर तो चंदेरी आहे तोवर पोकळी शाबूत. आत हवा शिरली की तो धातू हवेशी मिळतो आणि डाग दुधासारखा पांढरा होतो, किंवा पार नाहीसा होतो. चंदेरी बूड म्हणजे ट्यूब चांगली, पांढरं बूड म्हणजे ट्यूब गेली. एवढं पाठ करा. काही सोलरला ट्यूबचं बूड प्लास्टिकच्या वाटीत बसवलेलं असतं. तिथे वाटीच्या कडेने वाकून बघावं लागतं, किंवा वाटी थोडी सैल करावी लागते.

आणखी एक खूण थंडीत मिळते. पौष-माघात पहाटे दव पडतं तेव्हा वर जाऊन बघा. चांगल्या ट्यूबांची बाहेरची काच गार असते, तिच्यावर दवाचे थेंब दाटतात. हवा शिरलेल्या ट्यूबमधून आतली ऊब बाहेर येते, म्हणून तिच्यावर दव कमी दिसतं किंवा दिसतच नाही. दुपारी हात लावून बघायचा मोह होईल, पण तो टाळा. बिघडलेली ट्यूब हाताला चटका देते.

आमच्या जाऊबाईंचा मुलगा जर्मनीत असतो. तो सांगत होता, तिकडे थंडीमुळे घरांच्या खिडक्यांना दुहेरी काच असते, मध्ये कोरडी हवा किंवा वायू भरून कडा बंद केलेल्या. कडेचं सील गेलं की दोन काचांच्या आत वाफ धरते. बाहेरून पुसा, आतून पुसा, जात नाही. मग तिथले लोक चौकट तशीच ठेवतात आणि तेवढी काचेची जोडी बदलतात. आतली हवा पुन्हा काढून किंवा कोरडी करून ती जोडी घरी दुरुस्त करता येत नाही. आपल्या ट्यूबचंही तसंच आहे. पांढरी झालेली ट्यूब दुरुस्त होत नाही, ती बदलायचीच. पण टाकी, स्टँड, बाकीच्या ट्यूबा जशाच्या तशा राहतात.

बुडं बघताना वीसमध्ये एक पांढरी निघाली तर घाबरून जायचं कारण नाही. पाणी थोडं कमी तापेल एवढंच. सवडीने बदला. पण दहाच्या सोलरमध्ये तीन-चार पांढऱ्या असतील तर पाणी कोमट का येतंय याचं उत्तर तुम्हाला मिळालं. तडकलेली मात्र थांबू शकत नाही.

दुकानात जाण्याआधी मोजमाप

ट्यूबा बहुतेक दोन मापांच्या मिळतात. एक ४७ मिलिमीटर जाडीची आणि दीड मीटर लांबीची. दुसरी ५८ मिलिमीटर जाडीची आणि १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीची. माप चुकलं तर ट्यूब एक तर भोकात जाणार नाही, नाही तर गळेल. काचेची जाडी पट्टीने मोजता येत नाही, म्हणून आपला शिवणकामाचा टेप घ्या आणि ट्यूबला गुंडाळा. घेर पावणेपंधरा सेंटिमीटर आला तर ट्यूब ४७ ची. सव्वाअठरा आला तर ५८ ची. लांबी मोजताना टाकीच्या आत गेलेला भाग आणि वाटीतला भाग धरायला विसरू नका. आकडे वहीत लिहून न्या. जमलं तर मोबाइलवर फोटोही काढून न्या.

ट्यूबसाठी भारतीय मानक आहे, आयएस १६५४३. खोक्यावर आयएसआयची खूण बघा. दुकानातच खोकं उघडून चंदेरी बूड बघा. तोंडाची कड बोटाने फिरवून कपचा उडालेला नाही ना ते पाहा. बंद टोकाला काचेचा बारीक टोकदार शेंडा असतो. कारखान्यात तिथूनच हवा ओढून काढतात आणि काच वितळवून तोंड बंद करतात. तो शेंडा मोडला की पोकळी गेली. म्हणून घरी आणताना ट्यूब खोक्यातच आणा, मोटारसायकलवर आडवी धरून आणू नका. आणि प्रत्येक ट्यूबमागे एक नवी रबरी रिंग घ्या. रिंग स्वस्त असते, पण जुनी कडक झालेली रिंग ठेवली तर नवी ट्यूबसुद्धा गळते. बिल मागून घ्या, जपून ठेवा.

आदल्या दिवशी

आता बदलण्याचं काम. ते खरं आदल्या दिवशीच सुरू होतं.

पहिलं, विजेचं बटण. ढगाळ दिवसांसाठी काही सोलरच्या टाकीत विजेचं कॉइल बसवलेलं असतं. तुमच्याकडे असेल तर त्याचं मेन बटण बंद करा, आणि टाकी पुन्हा पूर्ण भरेपर्यंत ते कुणी चालू करणार नाही असं घरात सगळ्यांना सांगा. रिकाम्या टाकीत कॉइल चालू झालं तर जळतं. ओल्या हाताने काम करताना शॉक बसला तर त्याहून वाईट.

दुसरं, दुपारीच ट्यूबांवर जुन्या गोधड्या, पोती किंवा जाड ताडपत्री टाकून बांधा. ऊन लागलं नाही की पाणी आणखी तापणार नाही.

तिसरं, टाकीतलं गरम पाणी वापरून टाका. धुणं काढा, भांडी घासा, घरातल्या सगळ्यांना न्हायला घाला. मग संध्याकाळी वरच्या टाकीतून सोलरला येणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा, आणि सोलरच्या टाकीच्या खालचा कॉक उघडून उरलेलं पाणी बादल्यांत काढून घ्या. हे पाणी ६० ते ८० अंशांचं असू शकतं. पोरं जवळ येऊ देऊ नका, बादली काठोकाठ भरू नका.

बदलायची वेळ: सूर्य उगवायच्या आधी

काम पहाटे करायचं. दुपारी नाही, आणि रात्री अंधारातही नाही. उजाडलं आहे पण ऊन आलेलं नाही, अशी वेळ धरा. दोघीजणी लागतात. एकटीने वर चढायचं नाही. पायात चप्पल नको, बूट हवेत. हातात जाड हातमोजे. डोळ्यांना चष्मा, साधा असला तरी चालेल. साडी असेल तर पदर खोचून घ्या. सलवार-कमीज असेल तर ओढणी खाली ठेवून या.

ट्यूबचं उघडं तोंड टाकीच्या भोकात रबरी रिंगमध्ये बसलेलं असतं आणि बंद बूड खाली वाटीत टेकलेलं असतं. रिंगच्या बाहेर धूळ अडवायला आणखी एक रबर असतं, ते थोडं खाली सरकवा. रिंगच्या कडेला साबणाचं पाणी सोडा. तेल नाही, ग्रीस नाही. तेलाने रबर खराब होतं आणि तेच पाणी आपण वापरतो. मग एकीने ट्यूब वरच्या बाजूला धरायची, दुसरीने खालच्या बाजूला. ट्यूब दोन्ही हातांनी हळूहळू गोल फिरवत आधी वर ढकलायची, टाकीच्या आत. थोडी वर गेली की खालचं बूड वाटीतून सुटतं. मग बूड जरा बाजूला घेऊन, तसंच फिरवत फिरवत ट्यूब खाली ओढायची. बांगडी चढवतो तसं. जोर लावायचा नाही, फिरवत राहायचं.

एक लक्षात ठेवा, टाकी रिकामी केली तरी ट्यूबमध्ये पाणी असतंच. ५८ च्या ट्यूबमध्ये सुमारे पावणेतीन लिटर. ते रात्रभर झाकून ठेवलं तरी गरम असू शकतं. म्हणून तोंड वर धरूनच ट्यूब बाहेर काढा आणि बाजूला नेऊन हळूच ओता.

फुटलेल्या ट्यूबचा तुकडा भोकातच अडकला असेल तर घाई करू नका. आधी सुटे तुकडे चिमट्याने काढा. मग अडकलेल्या भागावर जाड फडकं गुंडाळून, साबणाचं पाणी सोडून तो फिरवत काढा. टाकीत काचेचे कण पडले असतील तर खालच्या कॉकातून थोडं पाणी सोडून धुऊन काढा.

जुनी रिंग काढा, भोकाची कड ओल्या फडक्याने पुसा. तिथे पांढरा क्षार धरलेला असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ दाबून ठेवा. नवी रिंग बसवा.

नवी ट्यूब या क्षणापर्यंत खोक्यातच, सावलीत असली पाहिजे. तिच्यावर आधी धुळीचं रबर चढवा. ते विसरलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. आमचं पहिल्या वेळी तसंच झालं. तोंडाला साबणाचं पाणी लावा, फिरवत फिरवत रिंगमधून वर सरकवा, मग बूड वाटीत टेकवा. शेजारच्या ट्यूबांइतकीच आत गेली आहे ना ते बघा. धुळीचं रबर वर सरकवून टाकीला भिडवा.

आता खालचा कॉक बंद करा आणि थंड पाण्याचा कॉक उघडा. टाकी हळूहळू भरू द्या. अर्धा तास तिथेच थांबा. प्रत्येक रिंगपाशी बोट फिरवून ओल आहे का बघा. सगळं कोरडं असेल आणि टाकी भरल्याची खात्री झाली, तरच गोधड्या काढा. नंतर कॉइलचं बटण.

ट्यूबा फुटतात का

आता माझ्या फजितीकडे परत येते. टँकर आला त्या दिवशी ट्यूबा का तडकल्या?

टाकीतलं पाणी आम्ही काढून घेतलं, वरून नवं पाणी आलं नाही. ट्यूबांमध्ये जे उरलं होतं ते मेच्या उन्हात रोज थोडं थोडं वाफ होऊन गेलं. आतली काच कोरडी पडली. कोरडी ट्यूब उन्हात २०० अंशांच्याही वर तापते. तव्यापेक्षा तिची अवस्था वेगळी नसते. आणि अशा तापलेल्या काचेवर मी भर दुपारी थंड पाणी सोडलं. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतलं तर काय होतं ते स्वयंपाकघरात आपण पाहिलेलंच आहे.

आपल्या भागात पाणी कधी येईल, लाइट कधी येईल, याचा भरवसा नसतो. टँकर दुपारी येतो. मोटारीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून हा नियम आपल्यासाठी सगळ्यात मोठा आहे. सोलर रिकामा झाला असेल तर दिवसा त्यात पाणी सोडायचं नाही. सोलरचा थंड पाण्याचा कॉक बंद ठेवून फक्त वरची टाकी भरा. सोलर भरायचा तो पहाटे, ट्यूबा गार असताना. आणि पाणी संपणार, किंवा गावाला जायचंय असं दिसलं की ट्यूबांवर ताडपत्री टाका. टंचाईत सोलरच्या टाकीतलं पाणी काढून घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्या वेळी ट्यूबा झाका.

बाकी कारणं तुम्हाला माहीत आहेत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यात आणि मराठवाड्यात गारा पडल्या, त्या आपण विसरलेलो नाही. चेंडू, माकडं, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीचा बांबू, यांनीही ट्यूबा फुटतात. गारपिटीचं आभाळ दिसलं आणि वेळ असली, तर तीच जाड गोधडी उपयोगी पडते.

टाकीच्या वर एक उभा पाइप असतो, हवेचा. त्यातून कधी वाफ निघते, कधी थोडं पाणी. काहीजण पाणी वाया जातं म्हणून त्यात चिंधी कोंबतात. असं अजिबात करू नका. तो पाइप टाकीचं नाक आहे. तो बंद झाला तर वाफेचा दाब वाढतो, किंवा पाणी काढताना हवा आत न आल्याने टाकी चेपते. मग खरंच नवा सेट घ्यावा लागेल.

जड पाण्याचा त्रास

आपल्याकडे बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड. भांड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो तोच ट्यूबच्या आतही बसतो, आणि सुटून खाली बुडाशी साठतो. काढलेली ट्यूब उलटी केली की चुन्यासारखा चिखल पडतो. तेवढ्या भागात पाणी फिरत नाही, ट्यूब कमी काम करते. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, आपण घर झाडतो तेव्हा ट्यूबा उतरवून धुवा. काढायच्या तशाच, पहाटे. आत लिंबूसत्त्वाचं किंवा व्हिनेगरचं पाणी भरून काही तास सावलीत ठेवा, मग काठीला कापड गुंडाळून आतून फिरवा आणि स्वच्छ पाण्याने विसळा. लोखंडी सळई घालू नका. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात वापरू नका, त्याने स्टीलच्या टाकीला भोकं पडतात.

बाहेरून ट्यूबांवर धूळ बसते, तीही महिन्यातून एकदा सकाळीच पुसून घ्या. दुपारी गार पाण्याचा फवारा मारायचा नाही.

गटाने काय करता येईल

हे काम एकटीने घरी करण्यापेक्षा गटाने केलं तर सोपं होतं. आम्ही काय केलं ते सांगते. गटातल्या सगळ्या घरच्या सोलरचं माप एका वहीत लिहिलं. किती ट्यूबा, कुठलं माप, किती पांढऱ्या. मग कळलं की बहुतेकींचं माप एकच आहे. म्हणून गटाच्या पैशातून चार ट्यूबा आणि दहा रिंगा आणून एकीच्या घरी खोक्यात ठेवल्या. सोबत दोन रबरी बुचं. नवी ट्यूब हाताशी नसेल तर फुटलेल्या ट्यूबच्या भोकाला बूच लावून बाकीचा सोलर चालू ठेवता येतो. ज्या घरी ट्यूब वापरली ते घर गटाला तिचे पैसे भरतं, आणि आम्ही पुन्हा नवी आणून ठेवतो. हातमोजे, चष्मे, ताडपत्री गटाचीच.

फुटलेली काच उकिरड्यावर टाकू नका. तिथे पोरं अनवाणी फिरतात, जनावरं चरतात. पोत्यात भरून, तोंड बांधून भंगारवाल्याला द्या, किंवा खोल खड्ड्यात पुरा.

मिस्त्रीची गरज संपली असं मी म्हणत नाही. टाकीलाच भोक पडलं, स्टँड गंजून कलला, कॉइलचं वायरिंग बिघडलं, तर जाणता माणूसच बोलवा. पण तो आला की त्याच्याबरोबर वर जा. ‘सेट बदला’ म्हणाला तर विचारा, ‘किती ट्यूबांची बुडं पांढरी आहेत, दाखवा.’ आपण बूड बघायला शिकलो आहोत हे त्याला कळलं की बोलणं वेगळं होतं. हा माझा अनुभव आहे.

आमच्या सासूबाईंनी बंब परत माळ्यावर ठेवायला लावला. पण विकू दिला नाही. ‘असू दे, ढगाळ दिवसाला लागतो,’ म्हणाल्या. ते खरंच आहे, आषाढात आम्ही अजून तो काढतो.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या सोलरच्या ट्यूबा मोजून, बुडं बघून या. पांढरी किती, चंदेरी किती, एवढं सांगितलं तरी पुरे. बाकी तिथे बसून ठरवू.



वहीत उतरवून ठेवा

• चंदेरी बूड चांगलं, पांढरं बूड खराब.
• ट्यूब फुटली की आधी सोलरचा थंड पाण्याचा कॉक बंद करा, मग ट्यूबांवर ताडपत्री टाका. तो कॉक कुठला हे आजच बघून त्याला लाल चिंधी बांधा.
• कॉइलचं बटण बंद केल्याशिवाय टाकीला हात लावू नका.
• रिकामा सोलर दिवसा भरू नका. पहाटेच भरा.
• रिंगला साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस लावू नका.
• घेर पावणेपंधरा सेंटिमीटर म्हणजे ४७ ची ट्यूब. सव्वाअठरा म्हणजे ५८ ची.
• हवेचा पाइप कधीही बंद करू नका.
• एकटीने वर चढू नका.